खिळ्यांची गुळणी

आमच्या घरात 'कारस्थान' हा शब्द माझा आहे. कपाटातली वरची फळी जशी माझी, तसा हा शब्द माझा. दुसरं कोणी फारसं वापरत नाही, आणि वापरलाच तर माझी नक्कल करायला. दूध उतू गेलं की आमचे हे स्वयंपाकघरात डोकावून विचारतात, "कोणाचं कारस्थान?" आणि स्वतःच हसतात. हसू देत. उभा जन्म एका छपराखाली चार माणसांबरोबर काम करून बघा, म्हणजे कळेल. घरातल्या निम्म्या गोष्टी सांगून होतात, निम्म्या आपल्या पाठीमागे होतात, आणि पाठीमागे होणाऱ्यांना काहीतरी नाव लागतंच.

नाव देतानाही मी उगाच वाटेल ते देत नाही. कट रचावा लागतो, त्याला डोकं लागतं, आणि आमच्याकडे तेवढं डोकं कोणाला नाही. डाव टाकायला समोरचा तोडीचा लागतो. खलबत मोठ्या लोकांचं, बंद दाराआडचं. आमच्या कारखान्याच्या दाराला धड कडी लागत नाही. राहिलं कारस्थान. त्याला डोकं नको, दार नको, तिसऱ्याला बघून गप्प होणारी दोन माणसं पुरतात. आणि ह्या शब्दाची एक खोड आहे. तो कायम दुसऱ्याचा असतो. मी मसलत केली, मी युक्ती काढली, मी जरा व्यवस्था लावली, असं माणूस म्हणतं. मी कारस्थान केलं, असं म्हणणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं.

आमचं काम सोफ्या-खुर्च्यांचं. जुनी खुर्ची आली की तिचं कापड उतरवायचं, स्प्रिंगा आणि काथ्या बघायचा, गेलं असेल ते बदलायचं आणि नवं कापड चढवायचं. नव्या सोफ्यांना पिना मारायचं यंत्र आहे, पण जुन्या खुर्च्यांना अजून बारीक खिळेच. आणि खिळे तोंडात धरायचे. एका हातानं कापड ताणलेलं, दुसऱ्यात हातोडी, मग खिळा द्यायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून मूठभर खिळे गालात ठेवायचे, जिभेनं एकेक पुढे करायचा, हातोडीच्या लोहचुंबकाच्या टोकाला चिकटवायचा आणि ठोकायचा. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, आमच्या ह्यांना आणि दिरांना हे शिकवलं. बाबांना त्यांच्या वडिलांनी.

गालात खिळे असले की बोलता येत नाही. त्यामुळे बाबांचा एक जुना नियम आहे. ज्याच्या तोंडात खिळे आहेत त्याला पाल्हाळाचं काही विचारायचं नाही. हो-नाहीपुरतं विचारायचं, आणि त्यानं हातोडीनं उत्तर द्यायचं. एक ठोका हो, दोन ठोके नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, वेड्यांच्या घरात दिलं मला. नंतर सवय झाली. आमच्या ह्यांनी संसारातले बरेचसे निर्णय एका ठोक्यातच उरकले आहेत.

माझी जागा खिडकीशी, मशीनवर. कापड बेतायचं मी आणि शिवायचं मी. धाकटी जाऊ गिऱ्हाइकं आणि फोन बघते. तिला आम्ही धाकटीच म्हणतो. स्वभावानं गोड आहे, पण आतल्या गाठीची. पोटातलं ओठावर येऊ देत नाही. माझं उलटं आहे. माझ्या पोटात काही राहतच नाही, आलं की आलं. घरात माझ्याशी बोलताना सगळे जरा वाऱ्याची दिशा बघून बोलतात, हे मला माहीत आहे. माहीत असून मी काही बदलले नाही, कारण मला वाटायचं की घरात एक तरी माणूस असं हवं.

तर झालं असं, की मी कारखान्यात पाऊल टाकलं की सगळे खिळे तोंडात टाकायला लागले.

पहिल्यांदा मी दुर्लक्ष केलं. पण बोलण्याचा आवाज बाहेरपर्यंत येतोय, आणि मी दार लोटलं की हे आणि दीर दोघांचे हात एकदम खिळ्यांच्या डब्यात, हे किती वेळा योगायोगानं होईल? एकदा तर दिरांच्या पुढ्यात फोमची गादी होती. फोमला कोणी खिळे मारतं का? तरी गाल फुगलेले. लोक मिठाची गुळणी धरून बसतात, हे खिळ्यांची गुळणी धरून बसले. मी विचारलं, "काय चाललंय?" आता 'काय'ला ठोका नसतो. दोघं माझ्याकडे बघत राहिले, तोंडात कडबा भरलेल्या बैलांसारखे.

बाबांकडे मात्र ही सोय नव्हती, आणि ती नव्हती ती माझ्यामुळे.

त्याचं असं झालं होतं की बाबांना कवळी लागली. कवळीत खिळे नीट धरता येत नाहीत. तरी ते ऐकायचे नाहीत, आणि एके दिवशी खोकला आला आणि एक खिळा गेला पोटात. दवाखाना झाला, एक्स-रे झाला, आम्ही सगळे हवालदिल. डॉक्टर म्हणाले, वाट बघा, जाईल वाटेनं. गेला. पण त्यानंतर मी ठरवलं की बास, आता बाबांनी हातोडीला हात लावायचा नाही. त्यांना तोंडावर सांगायचं कोणी, हा प्रश्न होता. सांगितलं तर त्यांना लागलं असतं. मग मीच एक व्यवस्था लावली. हातोडीचा दांडा सैल झालाय, दुरुस्तीला दिलीये, असं सांगून मी ती उचलली आणि माझ्या पलंगाखालच्या चिंध्यांच्या पेटीत ठेवून दिली. हे आणि दीर, दोघांना आधी पढवून ठेवलं होतं. बाबांनी एक-दोनदा विचारलं, आली का. आम्ही म्हटलं, येईल. मग त्यांनी विचारणं सोडलं. कोपऱ्यात स्टुलावर बसून जुना काथ्या पिंजायला लागले. कोणाचं मन दुखावलं नाही, ब्र काढावा लागला नाही, काम झालं. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

त्यामुळे मी आत आले की बाबांना तोंडात भरायला काही नसायचं. ते नुसते भिंतीकडे तोंड करायचे आणि काथ्या उपसायचे.

कुठेतरी पाणी मुरत होतं, एवढं नक्की. आणि ते कुठे मुरतंय ते त्या शिलाईवाल्यामुळे कळलं. मी भाजी घेऊन परत आले तर एक अनोळखी माणूस माझ्या मशीनपाशी उभा. गळ्यात टेप, खिशात कात्री. तो माझ्या मशीनचं चाक हातानं फिरवून बघत होता. मला बघून दिरांनी त्याला घाईघाईनं वाटेला लावलं. कोण होता, म्हणून धाकटीला विचारलं, तर म्हणाली, "काही नाही ताई, पत्ता विचारायला आला होता." पत्ता विचारायला आलेला माणूस मशीनचं चाक फिरवतो होय? ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच.

त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. शिलाई बाहेर द्यायचं चाललंय, हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. मशीन गेलं तर त्या कारखान्यात मी कोण? चहा करणारी. गिऱ्हाईक आलं की 'बसा' म्हणणारी. बाबांच्या शेजारी आणखी एक स्टूल टाकायचं आणि मी पण काथ्या पिंजायचा. आमची मुलं झाली, मोठी झाली, लांब गेली, माझे गुडघे गेले, केस गेले, पण सकाळी मशीनवर बसलं आणि पायाखाली पट्टा सरकायला लागला की मला मी कोण ते आठवायचं. खोटं कशाला सांगू, मला रात्री झोप लागेना. आणि झोप लागली नाही की माझी जीभ आणखी धारदार होते, ते वेगळंच.

एकीकडे कामही धड मिळत नव्हतं. एका जुन्या हॉटेलच्या खुर्च्या आल्या होत्या, त्यांना रेघांचं कापड होतं, निळं-पांढरं. आणि काय ते कापड. रेघ म्हणून सरळ नाही. मधेच पोट काढलेलं, जणू विणताना कोणी धक्का दिलाय. मी गिरणीला शिव्या घालत ते ओढून-ताणून सरळ करत शिवत होते. हल्ली कशालाच दर्जा राहिला नाही. आमच्या दाराची चौकटसुद्धा मधेच वाकली होती. मी दिरांना म्हटलं, रंधा मारा हिला, म्हणून दाराला कडी लागत नाही. दिरांनी चौकटीकडे बघितलं, मग आमच्या ह्यांच्याकडे बघितलं, आणि मूठभर खिळे तोंडात टाकले. रस्त्यावरचा दिव्याचा खांबही कोणीतरी गाडीनं ठोकरून वाकवला होता. मी ह्यांना दाखवला. ते म्हणाले, "हं."

सगळं जग वाकडं चाललं होतं आणि घरातले लोक माझ्या पाठीमागे माझं मशीन काढायला निघाले होते. मग मी ठरवलं, आता मुद्देमालासकट पकडायचं. मी काही कारस्थान केलं नाही. मी एक साधी तजवीज केली.

सकाळी हॉटेलच्या खुर्चीचं एक कव्हर शिवून संपवलं, टेबलावर घडी घालून ठेवलं आणि जाहीर केलं की मी बहिणीकडे चाललेय, जेवून संध्याकाळीच येईन. धाकटी इतक्या प्रेमानं म्हणाली, "जा की ताई, सावकाश या," की माझी खात्रीच पटली. कोपऱ्यापर्यंत गेले. दुकानातून दोऱ्याची रिळं घेतली. दुकानदाराशी उगाच रंगावरून वाद घातला, तेवढाच वेळ गेला. आणि परत फिरले. दाराला कडी लागत नाही त्याचा त्या दिवशी पहिल्यांदा उपयोग झाला.

मी सकाळी शिवलेलं कव्हर टेबलावर पसरलेलं होतं आणि त्याची अर्धी शिवण उसवलेली होती.

बाबा खिडकीच्या उजेडात उभे होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात वाकडी सुई. गादीच्या कडेला आतून टाका घालायला जी अर्धगोल सुई लागते, ती. ते माझी उसवलेली शिवण हातानं शिवत होते. आमचे हे दोन्ही टोकं ताणून धरून बसले होते. दीर शिवलेल्या भागावरून इस्त्री फिरवत होते. धाकटी फोनवर कोणाला तरी सांगत होती की उद्या नाही जमणार, परवा देतो, काम नीट व्हायला हवं ना.

मला बघितलं आणि सगळ्यांचे हात डब्याकडे गेले. ह्यांनी खिळे कोंबले, दिरांनी कोंबले. धाकटीला हातोडीची सवय नाही, पण तिनं घाबरून टेबलावरच्या टाचण्या ओठांत धरल्या, आणि फोनमधलं माणूस आपलं हॅलो हॅलो करतंय. एरवी मी हसून लोटपोट झाले असते. बाबांचाही हात जुन्या सवयीनं डब्याकडे गेला. आणि मधूनच परत आला.

मी आमच्या ह्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. आवाज चढवला नाही. मी ओरडते तेव्हा माझा राग वरवरचा असतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी मी ओरडले नाही आणि म्हणून ते पांढरे पडले. मी विचारलं, माझं मशीन काढायचं ठरलंय का. त्यांनी हातोडी उचलली आणि टेबलावर दोन ठोके दिले. नाही. मी दिरांकडे वळले. तो माणूस शिलाईसाठीच आला होता ना? दिरांनी मान खाली घातली. एक ठोका. मग ठरलं नाही कसं, मी विचारलं, आणि ही शिवण कशाला उसवलीत? ह्याला ठोका नव्हता.

तोंड मोकळं असलेलं माणूस तिथे एकच होतं.

"त्यांना नको विचारूस, सूनबाई," बाबा म्हणाले. "इकडे ये. उजेडात ये."

मी गेले. बाबांनी कव्हर गुळगुळीत केलं, माझ्या मशीनच्या खणातून माझीच स्टीलची पट्टी काढली आणि एका निळ्या रेघेला लावून ठेवली. ती पट्टी मी लग्नानंतर लगेच घेतलेली. तिच्यावरचे आकडे पुसलेत, पण तिच्या भरवशावर मी किती कापड कापलंय त्याला गणती नाही.

"रेघ कशी दिसते?" बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, वाकडी. मधे पोट आहे. गेले कित्येक दिवस तेच तर सांगतेय.

"आणि पट्टी?"

मी पट्टीकडे बघितलं. पट्टीलाही मधे पोट होतं.

बराच वेळ मी बघत राहिले. मान तिरकी करून बघितलं, वाकून बघितलं. मग म्हटलं, पट्टी वाकलीये, कोणीतरी पाडली असणार. बाबांनी माझं बोट धरलं, लहान मुलाचं पाटीवर धरतात तसं, आणि पट्टीच्या कडेवरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. बोटाला कुठेच वळण लागलं नाही. पट्टी सरळ होती. बोट सरळ जात होतं आणि डोळ्यांना वाकडं दिसत होतं.

मग मला सगळं एकदम कळलं. कापड सरळ होतं. मी ते ओढून वाकडं शिवत होते. चौकट सरळ होती आणि खांबही सरळ होता.

खाली बसले मी. रडू आलं, लपवायचं काय त्यात. लाज वाटली, की एवढे दिवस मी वाकडं काम करतेय आणि चार माणसं ते बघतायत. भीती वाटली. आणि राग, तो तर होताच, पण कोणावर काढायचा ते कळेना. ह्यांनी तोंडातले खिळे एकेक करून तळहातावर काढले आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसले. म्हणाले, पहिलं गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं तेव्हाच सांगायचं होतं, पण तुझ्यापुढे शब्द फुटला नाही. दिरांचं म्हणणं होतं की शिलाई सरळ बाहेर द्यावी आणि मशीन सर्व्हिसिंगला गेलंय असं मला सांगावं. तो शिलाईवाला त्यासाठीच आला होता.

"मी नाही म्हटलं," बाबा म्हणाले. "माझी हातोडी दुरुस्तीला गेली, तसं तिचं मशीन जाऊ देणार नाही. ती शिवू दे, मी मागून नीट करतो, म्हटलं. ह्या पोरांना ओढलं ते मीच. हे कारस्थान माझं."

माझा शब्द. आणि त्यापुढे 'माझं'. असं कोणी म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत? डोळ्यांचं होतं, डॉक्टरकडे गेले असते.

बाबांनी सुई कापडात खोचून ठेवली. त्यांचे हात सुईला अजून स्थिर आहेत. हे मी कधी बघितलंच नव्हतं, मी फक्त कवळी बघितली होती.

"सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "पहिल्या दोन दिवसांतच. पण खरं सांगू? सकाळी उठलो की काम असायचं. तू कव्हर शिवलंस की मला उसवायला मिळायचं, शिवायला मिळायचं. कोणाला तरी माझी गरज होती. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. तुझे डोळे जात होते आणि मला बरं वाटत होतं. ह्याला दुसरा शब्द नाही, सूनबाई. असला तर तूच सांग."

मला दुसरा शब्द सापडला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला चौकटी-चौकटींचा एक कागद दाखवला. त्यातल्या मधल्या रेघा वितळल्यासारख्या दिसत होत्या. त्यांनी विचारलं, इतके दिवस तुमच्या लक्षात कसं आलं नाही? मी म्हटलं, आलं होतं की, पण मला वाटलं जगच बिघडलंय. त्या हसल्या नाहीत. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, म्हणाल्या. गेलं ते परत यायचं नाही, राहिलंय ते इंजेक्शनं देऊन सांभाळू. लवकर आला असतात तर, एवढं म्हणून थांबल्या. घरी येताना हे माझा हात धरून चालत होते, तो सोडवून घ्यावा असं मला वाटलं आणि मी घेतला नाही.

मशीनवरून मी आपणहून उठले. सोपं नव्हतं ते, उगाच शौर्य कशाला सांगू. धाकटीला बसवलं. ती घाबरत होती, मी शेजारी बसून पाय कसा हलका ठेवायचा ते सांगत होते. चार वेळा खेकसले. पाचव्या वेळी तीच म्हणाली, "ताई, मला जमत नाहीये हे मला कळतंय, तुम्ही नुसतं पुढचं सांगा." तोंडावर म्हणाली. मला आवडलं ते. आणि हळूहळू तिची शिवण सरळ यायला लागली. मी बोट फिरवून बघायचे, वळण लागायचं नाही.

पण धाकटीची शिवण सरळ यायला लागली तशी बाबांची वाकडी सुई गादीत खोचलेली राहिली. उसवायला काही उरलं नाही. एका सकाळी मी बघितलं तर ते पुन्हा कोपऱ्यातल्या स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून, काथ्या पिंजत बसलेले. कोणी त्यांना तिथे बसायला सांगितलं नव्हतं. मागच्या वेळीही सांगितलं नव्हतं.

मी वर गेले. पलंगाखालची चिंध्यांची पेटी ओढली. हातोडी तळाशी होती, मी ज्या फडक्यात गुंडाळली होती त्यातच. दांडा घट्ट होता. सैल कधी नव्हताच. स्वयंपाकघरातून एक पसरट वाटी घेतली आणि खाली आले.

हॉटेलची शेवटची खुर्ची टेबलापाशी उभी होती, कापड चढवायची. मी वाटीत मूठभर खिळे ओतले, वाटी खुर्चीच्या हातावर ठेवली आणि शेजारी हातोडी ठेवली. कापड मी ताणून धरणार होते. वाटीतून खिळा उचलायला हातोडीला लोहचुंबक आहेच, आणि धरायला माझे दोन हात आता रिकामेच होते. एवढी साधी गोष्ट. ह्यात कोणाला न सुचण्यासारखं काय होतं? पण तेव्हा आम्ही बाबांना विचारलंच नव्हतं, म्हणून सुचायची वेळच आली नाही.

बाबा स्टुलावरून उठून आले. हातोडीकडे बघितलं. दांडा हलवून बघितला. हे आणि दीर हातातलं काम थांबवून बघत होते, आणि एवढं सांगते, त्या वेळी दोघांनीही तोंडात काही घातलं नाही.

"ही दुरुस्तीला गेली नव्हती, बाबा," मी म्हटलं. "माझ्या पलंगाखाली होती. ते कारस्थान माझं होतं."

बाबा खुर्चीसमोर बसले. मी कापड ताणून धरलं. त्यांनी वाटीतून एक खिळा हातोडीवर घेतला आणि कापडावर टेकवला, पण मारला नाही.

मी हळू आवाजात विचारलं, "राग आला होता?"

त्यांनी हातोडी बाजूला नेली आणि खुर्चीच्या लाकडावर एक ठोका दिला.

"अजून आहे?"

ह्या वेळी ते जरा थांबले. विचार करत होते. मग लाकडावर दोन ठोके दिले. नाही. मी श्वास सोडला आणि कापड नीट धरलं, तेवढ्यात त्यांनी हातोडी पुन्हा उचलली आणि त्याच जागी, हलकेच, आणखी एक ठोका दिला. थोडासा हो.